जमिनीला टेकलेला फुगा

शिवणकाम करणारी ती आठ वर्षं घराबाहेर पडली नव्हती. उंबऱ्याशी गेली तरी छातीत धडधडायचं. दोरा नवरा आणायचा आणि दर वेळी रंग चुकवायचा.

गेले सहा महिने समुपदेशक बाई दर मंगळवारी यंत्र घेऊन घरी येत होत्या. डोक्याला पट्टी बांधली की पडद्यावर लाल फुगा दिसायचा. मन निवांत झालं की तो वर चढायचा, धास्तावलं की खाली यायचा. अर्धा तास फुगा, मग अर्धा तास गप्पा.

आज मात्र ती एकटीच कोपऱ्यावरच्या दुकानात दोरा आणायला गेली होती, कापडाची चिंधी मुठीत धरून. "दहा मिनिटांत येते," म्हणाली होती. अर्धा तास झाला.

फुगा धपकन जमिनीला टेकला.

"कशाची भीती वाटतेय?" बाईंनी विचारलं.

"चक्कर आली तर? गाडीखाली आली तर?"

"आणि नुसताच उशीर झाला असेल तर?"

फुगा वीतभर वर सरकला.

तेवढ्यात दार उघडलं. "अहो, तिथे हा रंगच नव्हता, म्हणून पुढच्या चौकात गेले," म्हणत तिने रीळ चिंधीवर धरलं. दोरा कुठला नि कापड कुठलं, कळत नव्हतं.

मग नवऱ्याच्या कपाळावरची पट्टी पाहून ती त्याच्या शेजारी टेकली.

"श्वास सावकाश सोडा. माझाही पहिल्या दिवशी जमिनीलाच होता. उद्या मंडईत जाते, तेवढाच तुमचा सराव होईल."