साहेबांचा पाय लागलेली काच

गॅरेजवाल्याने सनरूफच्या खाचेतून जुना गुलाल खरवडून काढला, तेव्हा माझ्या नवऱ्याने तोंड फिरवलं.

विजयाच्या मिरवणुकीत साहेब आमच्या नव्या गाडीवर चढून नाचले आणि सनरूफच्या काचेला तडा गेला. पण ह्यांनी ती बदलू दिली नाही. येईल त्याला दाखवायचे, "साहेबांचा पाय लागलाय गाडीला!" पावसात मी आत छत्री धरून बसायचे. त्याच निवडणुकीत विरोधकांनी ह्यांचं डोकं फोडलं होतं. साहेब दवाखान्यात फिरकलेही नव्हते.

काल साहेब त्याच विरोधकांच्या पक्षात गेले. हे जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "चल, काच बदलून टाकू." किती वर्षांनी मला ह्यांचा अभिमान वाटला.

नवी काच खोक्यातून निघते न निघते तोच फोन वाजला. हे ताडकन उभे राहिले. "नाही हो साहेब, राग कसला? येतो की, गाडी घेऊनच येतो!"

फोन खिशात टाकून, कपाळावरच्या टाक्यांच्या व्रणावरून हात फिरवत ते गॅरेजवाल्याला म्हणाले, "उद्या मिरवणूक आहे. जरा जाड काच मिळेल का?"