ओलं सिमेंट

कंपनीच्या साहेबांनी जिवाचा अंगठा स्वतःच्या हातानं शाईच्या डबीत दाबला, तेव्हा जिवाचा संशय बळावला. एवढी आपुलकी त्याला आजवर कुठल्याच साहेबानं दाखवली नव्हती.

जिवाचा मुलगा देवानंद समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होता. अकरा दिवसांपूर्वी तिथं आग लागली. विहीर समुद्राच्या तळाशी अजून तेल ओकत होती, आणि भाजलेला देवानंद मुंबईच्या इस्पितळात बेशुद्ध पडून होता. त्यानं विहिरीची झडप उशिरा बंद केली हे घरच्यांना मान्य आहे, एवढंच कागदावर लिहिलंय, असं साहेब म्हणाले. नुसता रिवाज आहे, उपचार सोपे होतील. देवानंदच्या आईनं, हिराबाईनं विचारलं, पोरगा तर डोळे उघडत नाही, मग त्यानं काय केलं ते आम्हाला सूर्यमाळच्या पाड्यावर बसून कसं कळलं? साहेब तिच्याकडे बघून गोड हसले आणि बिनदुधाचा चहा प्यायले.

कुठंतरी पाणी मुरत होतं, पण कुठं ते जिवाला कळेना. अंगठा टेकला की पोराच्या माथी दोष बसला, एवढं मात्र त्याला कळत होतं, आणि तो घाबरला होता. अंगठा तसाच वर धरून त्यानं विचारलं, गळती अजून थांबत का नाही?

साहेब खुलले. तळ दीड किलोमीटर खाली. तिथं माणूस उतरत नाही, यंत्राचे हात काम करतात. गळतीवर मोठं लोखंडी झाकण सोडलं, टोपलीखाली कोंबडी डालतात तसं. पण तिथल्या थंडीत वायूचा आणि पाण्याचा बर्फ झाला, झाकणाचं तोंड बुजलं आणि ते तरंगायला लागलं. आता बाजूनं दुसरं भोक पाडताहेत. तिथून जड चिखल आत ढकलायचा आणि मागून सिमेंट. विहीर आतून सिमेंटनंच तर बांधलेली असते.

सिमेंट म्हटल्यावर जिवा सावरून बसला. तो गवंडी. आसपासचे बरेच बंधारे त्याच्या हातचे होते.

"सिमेंट सेट व्हायला किती देनार?"

"यावेळी पुरे तीन दिवस," साहेब म्हणाले. "तपासल्याशिवाय कुणी पुढचं काम करायचं नाही, असा हुकूम आहे."

जिवाला त्याचा पहिला बंधारा आठवला. ठेकेदारानं घाई करून दुसऱ्याच दिवशी, सिमेंट ओलं असतानाच, आधाराच्या फळ्या काढायला लावल्या होत्या. बंधारा पहिल्या पुरात गेला आणि पंचनाम्यात नाव जिवाचं लागलं.

"मंग मागल्या टायमाला, आगीच्या आदी, किती दिस थांबलेले, सायेब?"

साहेबांनी कप खाली ठेवला. ऊन चढतंय, जव्हारला पोचायचंय, असं काहीतरी ते बोलले. मग त्यांनी कागद आणखी जवळ सरकवला.

हिराबाई उठली. डोंगराखालच्या विहिरीवरून दोन हंडे आणण्यात तिची सकाळ गेली होती. साहेबांनाही तिनं अर्धाच पेला पाणी दिलं होतं. त्या दोन हंड्यांतला एक भरलेला हंडा तिनं बाहेर आणला, नवऱ्याचा हात ओट्याच्या कडेबाहेर ओढला आणि अंगठ्याला राख चोळत, शाई निघेपर्यंत पाणी ओतत राहिली.