नाथाजीचा पतंग

"आबा, दोर सोडू नगा!" शिवतेज ओरडला. सोडतोय कशाला! हंबीररावांनी तो अंगठ्याएवढा जाड दोर मोटेच्या नाड्यासारखा कंबरेशी आवळून धरला होता. जपानातल्या त्या गावाची रीतच तशी. वर्षभरात ज्या घरी पोर जन्मलं, त्याच्या नावाचा पतंग मे महिन्यात सगळ्या गल्लीनं मिळून उडवायचा. पतंग म्हणजे केवढा, तर दोन बाजा जोडाव्यात एवढा. ढोल, बिगुल, निळे आखूड अंगरखे घातलेली माणसं, आणि त्यांच्यात कऱ्हाडशेजारच्या मलकापूरचे रिटायर सुभेदार हंबीरराव. अंगरखा पोटावर बसेना, तरी घातलाच.

नातू नाथाजी, शिवतेजचा पोरगा. हंबीररावांच्या वडलांचं नाव. सून इथलीच, जपानी. बाळंतपण इकडं झालं, म्हणून आजीनं, मनुबाईंनी, मलकापुरात रिकामा पाळणा हलवून बारसं केलं, बाळाच्या आत्यानं फोनच्या कानात कुर्र केलं आणि गल्लीभर घुगऱ्या वाटल्या. आज सकाळी पतंगावरच्या काळ्याभोर जपानी अक्षरांशेजारी उभं राहून म्हाताऱ्यानं फोटो काढून घेतला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला, 'नाथाजीचं नाव आज आभाळात जाणार.' त्यासाठी तर एवढा लांबचा प्रवास केला होता.

वारं भरलं. पतंग उठला. असा हिसका बसला की हंबीररावांचे पाय वाळूत फरफटले. सगळी गल्ली एका सुरात ओरडायला लागली, "हारुतो! हारुतो!"

आपलं 'जोर लगाके हैश्शा' असतं, तसं यांचं हे असेल, असं त्यांना वाटलं. तेही घसा फोडून ओरडले, "हारुतो!" मग समोर व्याह्यांनी बाळाला उंच उचललं, आणि साऱ्या माणसांनी बाळाकडं हात करून तेच म्हटलं. हंबीरराव पोराकडं वळले.

"शिवा, ही काय म्हणत्यात रं?"

शिवतेज दोराकडंच बघत राहिला. "आबा... कागदावर नाव हारुतो हाय. हितं नाथाजी म्हणाया जमत न्हाई कुणाला. आपुन घरात म्हणायचं की नाथाजी."

"कुणाच्या घरात?"

हंबीररावांना असा संताप आला की दोर टाकावा आणि चालायला लागावं. पण जाणार कुठं? रस्ता ठाऊक नाही, भाषा येत नाही. आणि हात सोडला तर साऱ्या गावासमोर नातवाचाच पतंग खाली येणार. शिव्या द्याव्यात का रडावं, काही कळेना. मागच्या जपानी गड्यानं कौतुकानं पाठीवर थाप मारली, तर हे त्याच्याकडं बघून हसले.

तेवढ्यात मनुबाई पदर खोचून गर्दीतनं वाट काढत आल्या. आनंद नुसता तोंडावर मावत नव्हता.

"आवं, बघा की, केवढा वर गेला माझा नाथाजी! पर ही समदी वरडत्यात काय?"

शिवतेजनं मान खाली घातली. हंबीररावांनी दोर आणखी एक हात ओढून घेतला आणि आवाज सुभेदाराचाच काढला.

"नाथाजीच म्हणत्यात. जपानीत त्येला तसंच म्हणत्यात. वरड तू बी."