रेहानचं लॉगबुक

शिकाऊ वैमानिकाला प्रशिक्षकाच्या सह्यांचं लॉगबुक उड्डाणात जवळ बाळगावं लागतं. धावपट्टीला आडव्या वाऱ्यात उतरताना रेहानचं छोटं विमान भाट्याच्या समुद्रात कोसळलं, तेव्हा लॉगबुकही त्याच्यासोबत बुडालं आणि त्याच्या मृतदेहासोबतच सापडलं. दोन वर्षांनी त्याची बहीण समरीन ते घेऊन मिरजोळ्याला त्याच्या प्रशिक्षकाकडे, नजीरसरांकडे आली. खाऱ्या पाण्याने फुगलेल्या पानावर सरांची सही शाबूत होती: ‘आडव्या वाऱ्यात उतरण्याचा सराव पूर्ण.’ “मलाही भाईएवढंच शिकवा,” ती म्हणाली. हीच सही सरांना दोन वर्षं दचकवून उठवत होती. “तो सराव मी घेतलाच नव्हता,” ते म्हणाले. “त्याला घाई होती, मी नुसती सही केली.” समरीनने लॉगबुक मिटलं. “अब्बा अजून भाईलाच दोष देतात. एवढं लिहून द्या.” सर उठले. “कागद नको. अब्बांच्या समोर बसून सांगतो. आत्ताच चल.”