रविवारची खार

लहानपणी दर रविवारी टीव्हीवर येणाऱ्या चटपट खार या कार्टूनच्या जगभरात फक्त पाचशे मूर्ती निघाल्या होत्या. त्यातली एक मिळवायला सुचिताने महिन्याचा अख्खा पगार घातला. खोकं नांदुऱ्याला तिच्या घरी पोचलं, तरी तिने ते उघडलं नाही. पिंपळगाव राजाहून मोठ्या भावाला, गोविंदाला, मुद्दाम बोलावून घेतलं आणि त्याच्याच हातून उघडवलं.

गोविंदाने मूर्ती उलटसुलट फिरवून पाहिली. "चांगली हाये. कोन व्हय ही?"

"असा काय करतो, भाऊ? आपली चटपट खार. दर रविवारी पाहो ना आपन दोघं."

"तू पाहे," गोविंदा म्हणाला. "मी तं छतावर अँटिना धरून उभा राहो. खालून तुह्यं हासनं आयकू आलं का मले समजे, चित्र साफ दिसून राह्यलं, आता हात हालवाचा नाही."

सुचिताने त्याला शेजारी बसवून मोबाइलवर पहिला भाग लावला. खार फांदीवरून धपकन पडली आणि पन्नाशीतला गोविंदा खदखदून हसला.