मोहाखाली

दोन हजार बावीस सालची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी चालू होती. कुरखेड्याच्या एका संस्थेची गाडी बुधरीबाईला न्यायला जंगलातल्या वस्तीवर आली आणि तिच्या दारापुढच्या मोहाखाली उभी राहिली.

आदिवासी लेकरांसाठी बुधरीनं उभा जन्म खर्ची घातला, म्हणून त्या दिवशी तिचा सत्कार होता.

"चला बाई, आज तुम्ही व्हीआयपी!" ड्रायव्हर प्रफुल हसत उतरला. "एसी लावून ठेवला."

बुधरी जागची हलली नाही. "भाऊ, गाडी काढ तिथून."

"काऊन? सावली मस्त हाय ना."

"रंजीताची पोर हाय तिथी."

प्रफुलनं वाकून चाकांखाली पाहिलं. "कुठी? दिसून नाई राह्यली."

"मातीत हाय."

दात यायच्या आत गेलेलं लेकरू मोहाखाली मातीत ठेवतात. झाड त्याला दूध पाजतं. प्रफुलला हे कुठलं माहीत? पण त्यानं गाडी मागे घेतली. मातीत उठलेले चाकांचे वळ बुधरीनं हातानं सारखे केले.

पंधरवड्यापूर्वी पोर तापानं फणफणली, तेव्हा बुधरीनंच दवाखान्याच्या गाडीसाठी फोन केला होता. वस्तीपर्यंत गाडी येत नाही, डांबरी सडकेवर आणा, असं उत्तर आलं. तिनं पोरीला छातीशी बांधलं आणि निघाली. मागे रंजीता. नाल्याच्या अलीकडेच ते अंग गार पडलं. रंजीताला कळू नये म्हणून बुधरी तशीच चालत राहिली, पार सडकेपर्यंत.

आता रंजीता शेजारच्या दारात येऊन उभी होती. गाडीकडे बघत.

"बाई, गाडी येते इथवर?"

बुधरीनं मातीचे हात लुगड्याला पुसले.

"जाय तू," रंजीता म्हणाली. "पण तिथी सांगजो."

कुरखेड्यात शाल झाली, नारळ झाला. दोन शब्द बोला म्हणाले. बुधरी माईकपुढे गेली.

"गाडी घरापर्यंत येते," ती म्हणाली. "मले मालूम नव्हतं."

लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

बुधरी पुढच्याच थंडीत गेली. प्रफुल आता मूल गावच्या राइस मिलचा ट्रक चालवतो. सावलीला गाडी लावण्याआधी जवळपासच्या माणसाला विचारतो, "खाली कोणी हाय का?" लोक हसतात.

रंजीताला नंतर मुलगा झाला. चैत्रात त्याला पाठीशी बांधून ती पहाटे मोहफुलं वेचायला जाते. बुधरीच्या दारापुढच्या झाडाखालची मात्र तशीच पडून राहू देते.