चार वाजायच्या आत चार स्क्रू

स्क्रू ड्रायव्हर फिरला. स्क्रू फिरला नाही.

योगेशने कपाळ पुसलं आणि घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजून गेला होता. टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर, रिमोटवर पळणारी एक लाल मोटार चाकं वर करून पडली होती. तिच्या पोटाला चार स्क्रू होते आणि चारही स्क्रूंच्या खाचा झिजून वाटीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

मोटार अनंतरावांची. अमेरिकेतल्या मुलाने, राजसने, धाडलेली. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून अनंतराव शनिवार पेठेतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर रोज सकाळी ती पळवत. गेल्या महिन्यापासून ती हलेना. आतली वायर सुटली असणार, असं त्यांचं निदान होतं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली.

योगेश आला होता मुलगी बघायला. खरं तर दुसऱ्यांदा बघायला. पोहे झाले, पगार झाला, पत्रिका झाली, आणि मग अनंतरावांनी मोटार आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. इंजिनियर आहात ना, असं त्यांनी विचारलं. योगेश हो म्हणाला. तो बँकांसाठी प्रोग्रॅम लिहीत असे आणि हाताने त्याने आजवर फक्त बल्ब बदलला होता. पण हा तपशील त्याने मधे आणला नाही.

"अट माझी नाही हो, ऋचाची आहे," अनंतराव म्हणाले. "ही गाडी जो दुरुस्त करील त्याच्याशीच लग्न करीन म्हणते. मी जरा पडतो. चारला उठेन. तोवर आवाज नको."

मुलीने बापाचा गुण उचलला, याचं समाधान तोंडभर घेऊन ते आतल्या खोलीत गेले.

योगेशला याआधी पुण्यातल्या तीन घरांनी नकार दिला होता. एका घराने तर फोनवरच, त्याचं गाव वाशीम आहे एवढं ऐकून. वीस तारखेला तो वर्षभरासाठी न्यू जर्सीला निघायचा होता आणि तिकडे वाशीमला त्याची आई, विमलाबाई, सकाळपासून फोनपाशी बसून होती. पण खरी गोष्ट वेगळीच होती. पहिल्या भेटीत ऋचाने त्याला पगार विचारला नव्हता. तुम्ही हसता कशाला, एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून त्याचं कामात लक्ष नव्हतं.

ऋचा समोरच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसली होती. ती एका यंत्रांच्या कंपनीत नोकरीला होती. योगेशने तिच्याकडे दुसरा स्क्रू ड्रायव्हर मागितला. तिने लगेच आणून दिला. तो जरा मोठाच निघाला आणि उरलीसुरली खाचही घेऊन गेला. मग योगेशला आठवलं की मधे रबर बँड धरला तर पकड मिळते. तिने रबर बँडही दिला. तो जुना होता, तुटला.

अडीच वाजले. सरोजिनीबाई, ऋचाची आई, गवार निवडायला बाहेर येऊन बसल्या. त्यांनी मोटारीकडे पाहिलं, मग योगेशच्या शर्टाकडे, जो आता पाठीला चिकटला होता.

"मागच्या मुलाने ड्रिल मशीन चालवलं," त्या हळूच म्हणाल्या. "हे उठले. तो गेला."

योगेशने ड्रिलचा विचार सोडून दिला.

करवतीच्या पात्याचा एक तुकडा राजसच्या खणात सापडला. योगेशने तो फडक्यात गुंडाळला आणि स्क्रूच्या डोक्यावर नवी आडवी खाच पाडायला घेतली. करकर झाली. आतली खाट वाजली. योगेशने हात थांबवला. सरोजिनीबाई उठल्या, खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून पुन्हा गवारीला लागल्या. ऋचाने आईकडे असं काही पाहिलं की योगेशला वाटलं, तेलाच्या खर्चाचं असेल.

तेल घातल्यावर आवाज मेला. खाच पडली. पण स्क्रू तसूभर हलला नाही. कुणीतरी चिकटवून ठेवल्यासारखा.

"जमत नसेल तर सांगून टाका ना," ऋचा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "बाबा काही बोलणार नाहीत. कशाला जिवाचा आटापिटा?"

इतकी काळजी योगेशची आजवर विमलाबाईंखेरीज कुणी केली नव्हती. त्याला दहा हत्तींचं बळ आलं. त्याच खणातली सोल्डरिंगची कांडी त्याने तापवली आणि स्क्रूवर टेकवून धरली. गोंद जळल्याचा वास आला. स्क्रू कुरकुरला आणि वळला.

ऋचा ताडकन उभी राहिली. पुस्तक खाली पडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. योगेशने मान खाली घातली; आनंदाश्रूंकडे असं टक लावून बघणं बरं नव्हे.

दुसरा स्क्रू तीन वीसला निघाला. तिसरा साडेतीनला. चौथ्याने बोट भाजलं, पण चारला सात मिनिटं असताना तोही वर्तमानपत्रावर पडला. आत एक वायर सुटली होती. ती त्याने जोडली. चारच्या ठोक्याला अनंतराव बाहेर आले, तेव्हा लाल मोटार त्यांच्या पायापाशी जाऊन थांबली.

अनंतरावांनी योगेशचं भाजलेलं बोट हातात घेऊन पाहिलं.

"आईंना फोन लावा," ते म्हणाले. "म्हणावं, मुलीकडून होकार आहे. तिचीच अट होती."

ते पेढे आणायला बाहेर पडले. सरोजिनीबाई चहा टाकायला आत गेल्या. योगेश मोबाइल काढून नंबर दाबू लागला, तोच ऋचाने टेबलावरचे चार स्क्रू ओंजळीत गोळा केले.

"मागच्या दोघांच्या वेळी मी दोनच झिजवले होते," ती शांतपणे म्हणाली. "तेवढ्यावर ते परत गेले. तुमच्यासाठी चारही झिजवून वर गोंद ओतला होता."